लोखंडाने रेखलेले चेहरे

कुंडलजवळच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना मांडला, तेव्हा तिथे निवडुंग होता आणि साप होते. जमीन औंध संस्थानची. ती देणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. घेणारेही एकेकाळी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये रंगकाम शिकायला गेलेले. पण काही रंग त्यांच्या डोळ्यांना ओळखूच येईनात, म्हणून ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. अशा माणसाच्या माळावर कामगारांचं स्मारक व्हायचं तर ते रंगीत काचेच्या खिडकीचंच व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

कुंडलच्या मातीला स्मारकांचं मोल कळतं. स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारचं हे गाव. त्याच्या तुफान सेनेने ७ जून १९४३ रोजी शेणोलीला पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली, ती आठवण इथे घराघरांत आहे. ती राहायलाच हवी. पण भाकरी फडक्यात बांधून भोंग्याच्या आधी घर सोडणारा माणूस? कुंडल रोड स्टेशनचं नाव बदलून किर्लोस्करवाडी झालं. कारखान्यात नांगर ओतणारे मात्र हजेरीपटावरच राहिले. मुंबईत बोरीबंदर स्टेशनच्या रंगीत काचांतही मान रेल्वे कंपनीच्या चिन्हाला आहे.

ओतकाम जवळून पाहावं. ओलसर काळी वाळू चाळून पेटीत ठासायची, मग नमुना अलगद वर उचलायचा. हात जरासा हलला तरी कड ढासळते. भट्टीत बीड, कोक, चुनखडी. रस साच्याच्या तोंडात पडताना मोल्डर श्वास धरून असतो. धार तुटली की माल वाया. पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूर दरबारच्या जुन्या तोफा वितळवून नांगर झाले. माझ्या मनातल्या खिडकीत मधोमध ती वितळणारी तोफ आहे, आणि तिच्याभोवती तिला नांगर करणारी माणसं.

काचही वाळूचीच. वाळूत लोहाचा अंश असला की काच हिरवट उतरते, कोबाल्टने निळी होते. तुकडे शिशाच्या खाचेदार पट्ट्यांत बसवून सांधे डाखतात. पण मला मोह पडतो तो चेहऱ्यांचा. काचेवर नाकडोळे रेखायचा रंग म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड आणि काचेची पूड. कुंचल्याने रेखून काच सुमारे ६५० अंशांवर भाजली की ती रेघ काचेचीच होऊन जाते. जन्मभर लोखंड ओतणाऱ्याचा चेहरा लोखंडानेच उमटावा, याहून रास्त काय?

खिडकी कचेरीत नको. स्टेशनात हवी, जिथून पाळीची माणसं ये-जा करतात. आणि चित्रकाराने कागदाला हात लावण्याआधी एखाद्या निवृत्त मोल्डरच्या ओसरीवर बसावं. नमुना उचलताना मनगट कसं वळतं, ते त्याच्याकडून करून दाखवून घ्यावं. खाली नावं कोणाकोणाची, हेही त्यालाच विचारावं.