भुकटीचा रंग

खुटबावच्या आमच्या घराचे मूळ दोन खण दगड-मातीचे. स्वयंपाकघर सासऱ्यांनी पुढे उसाच्या पैशातून विटांत वाढवलं आणि आमच्या लग्नानंतर सगळ्यावर सिमेंटचं प्लास्टर चढलं. वरून रंग एकच, त्यामुळे कुठली भिंत कशाची, हे नुसतं बघून सांगता यायचं नाही.

यंदा ओटा नि फरशी नवी केली. फळ्या आणि पाण्याचा फिल्टर लावायचा राहिला आणि मिस्त्री दुसऱ्या कामावर गेला. ‘येतो की वहिनी’ म्हणाला, म्हणजे ऊस तुटेपर्यंत येत नाही हे आलंच. पुतण्याकडं ड्रिल मशीन होतं. “काकू, रविवारी मी देतो पाडून भोकं.” म्हटलं, मशीन ठेव आणि तू तुझी पुण्याची गाडी पकड.

पहिली अडचण बांगड्यांची. फिरत्या बिटाजवळ सैल काही नको. पदर मी खोचला, पण बांगड्या काढते म्हटल्यावर सासूबाईंचं तोंड उतरलं. शेवटी त्यांनीच त्या कोपरापर्यंत वर सरकवून रुमालानं घट्ट बांधल्या. दुसरी अडचण भिंतीतल्या वायरींची. बोर्डाच्या सरळ वर-खाली भोक पाडायचं नाही, हे पुतण्यानं बजावलं होतं. तरी मी स्वयंपाकघराचा एमसीबी खाली केला आणि पडवीतून एक्स्टेन्शन ओढली.

चावीनं बिट आवळला, किती खोल जायचं तिथं त्यावर चिकटपट्टी लावली, बटण हातोडीच्या चिन्हावर आणलं. आवाजानं छाती धडधडली, पण विटांची भिंत गुणी निघाली. आधी करडी भुकटी आली, मग लाल. लाल दिसली की समजायचं, गिट्टी धरणार. हातोडीनं गिट्टी ठोकली, स्क्रू पिळला, अँगल बसला. फळीवर पहिला डबा साखरेचा ठेवला.

फिल्टर मात्र जुन्या भिंतीवरच हवा होता, कारण नळ तिकडे. तिथं करडं प्लास्टर सरलं आणि पिवळट माती भुरभुरायला लागली. भिजल्या पेंडीत बोट जावं तसा बिट आत गेला. गिट्टी जागच्या जागी फिरत राहिली. चार बोटं सरकून पाहिलं, तर खाली काळा दगड. मशीन किंचाळायला लागलं, भुकटी चिमूटभर आणि बिटाचं टोक निळं पडलेलं. हा आपला दख्खनचा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. घरगुती ड्रिलची हातोडी म्हणजे दोन दातेरी चकत्यांची खडखड. दगडाला खरा ठोका देणारा दट्ट्या रोटरी हॅमरमध्ये असतो. तो केडगावहून भाड्यानं आणायचं मी जवळजवळ ठरवलं होतं.

सासूबाई पाटावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, “तिथं काय करतीस? हिकडं ये. हितं चिमणीचा कोनाडा होता. लाइट आल्यावर तुझ्या सासऱ्यांनी इटांनी बुजवला.” त्यांनी भिंतीवर बोटानं चौकोन काढला. प्लास्टरवर काही म्हणजे काही खूण नव्हती. बिट टेकवला. करडी भुकटी, आणि मागोमाग लाल!

जुन्या बांधणीत कोनाडे, खुंट्या भिंत उचलतानाच ठरत. नंतर भोकं पाडायची वेळ फारशी येत नसे. आम्ही कोरी भिंत घेतो आणि मग प्रत्येक वस्तूसाठी तिला टोचतो. यात चांगलं काय नि वाईट काय, मला सांगता येणार नाही. फिल्टर कोनाड्यात मावला नसता, एवढं खरं.

सासूबाईंना मात्र आता चेव आलाय. चुलीमागचा दुसरा कोनाडा उकरून मोकळा कर म्हणतात. त्याला ब्रेकर लागेल, आणि वरच्या दगडांचा भार कशावर आहे हे बघितल्याशिवाय मी त्या विटांना हात लावणार नाही. ते काम मिस्त्रीचंच. त्याला फोन केलाय. ‘येतो की वहिनी’ म्हणाला.