पाचशे ग्रॅमचे ओझे

भय माणसाच्या घरात एकदा शिरले की ते लवकर बाहेर पडत नाही. ते देवघरात बसते, जेवणाच्या पानाशी बसते आणि रात्री दिवा मालवल्यावर उशाशी येऊन बसते. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी सराफीचा वडिलोपार्जित व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थांच्या घरात ते असेच शिरले. पेठेत सारे त्यांना आण्णा म्हणत. वय बासष्ट. पेढीवर पांढरी गादी, अंगात लेंगा-सदरा, सकाळी मंदिर, सूर्यास्तापूर्वी भोजन असा त्यांचा चाळीस वर्षांचा क्रम होता.

मार्गशीर्षातील एका संध्याकाळी दुकान बंद करून बापलेक घरी निघाले होते. मुलाच्या हातात दागिन्यांची पिशवी होती आणि आण्णा दहा पावले मागून येत होते. गल्लीच्या वळणावर एक मोटारसायकल थांबली. मागे बसलेल्या माणसाने मुलाच्या डोळ्यांत मिरचीची पूड फेकली आणि पिशवीला हात घातला. मुलाने पिशवी सोडली नाही. झटापटीत तो खाली पडला, गळ्याजवळचे हाड मोडले आणि पिशवी गेली. हे सारे घडण्यास वाती सरसावण्याइतकाही वेळ लागला नाही. आण्णा ओरडले, धावले, आणि पोहोचले तेव्हा रस्त्यावर मुलगा आणि त्याची एक चप्पल एवढेच उरले होते.

सोन्याची भरपाई पुढे-मागे झाली असती. परंतु ‘आपण दहा पावलांवर होतो आणि काहीच करू शकलो नाही’ हे शल्य आण्णांना झोपू देईना. प्लॅस्टरमधील मुलाकडे पाहत एका रात्री त्यांनी ठरवले, की आता जवळ शस्त्र बाळगायचे.

पुढील मार्ग कागदपत्रांचा होता. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि नियम २०१६ चे. अर्ज, ओळखीचे व राहत्या जागेचे पुरावे, आरोग्याचा दाखला, पोलिसांची चौकशी आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. व्यापाऱ्याला कागदांची भीती नसते. आण्णांनी एकेक कागद खातेवहीसारखा लावला. प्रशिक्षणासाठी ते जिल्ह्याच्या ठिकाणी रायफल क्लबात गेले. दहा पावलांवरील कागदी लक्ष्यावर त्यांनी सहा गोळ्या झाडल्या. दोन कागदाला लागल्या, चार मागच्या मातीच्या बांधात गेल्या. प्रशिक्षक समजूतदार होते. ते म्हणाले, “कागद हलत नाही, काका. आणि कागदाच्या मागे माणसे नसतात.” आण्णांनी ते ऐकले, पण त्या दिवशी ते त्यांच्या मनापर्यंत पोहोचले नाही.

आठ-नऊ महिन्यांनी परवाना हाती आला, आणि आण्णा पुण्याला शस्त्रांच्या दुकानी गेले. दुकानदार जुन्या वळणाचा होता. सराफ जसा मखमलीवर दागिना मांडतो, तशी त्याने हिरव्या कापडावर तीन शस्त्रे मांडली. सामान्य नागरिकास नऊ मिलिमीटरचे पिस्तूल मिळत नाही, ते निषिद्ध बोअरमध्ये मोडते. म्हणून तिन्ही .३२ बोअरची होती. पहिले कानपूरच्या कारखान्याचे नेहमीचे रिव्हॉल्व्हर, सुमारे सातशे ग्रॅमचे. दुसरे कानपूरहूनच २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’, टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, पाचशे ग्रॅमचे. दिल्लीतील २०१२ च्या त्या दुर्दैवी घटनेनंतर स्त्रियांना पर्समध्ये ठेवता यावे अशा हेतूने ते घडवले गेले, आणि बाजारात आले तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. तिसरे ‘अशनी’ नावाचे पिस्तूल.

आण्णांनी विचारले, “यांत चांगले कोणते?”

“चांगले म्हणजे कशासाठी, ते आधी ठरवा,” दुकानदार म्हणाला. “लहान शस्त्र लपवायला सोपे, पण नेम धरायला अवघड, कारण नळी आखूड. हलके शस्त्र वागवायला सोपे, पण गोळी सुटताना हाताला धक्का जास्त. पिस्तूल चपटे असते, सदऱ्याखाली कमी दिसते. पण त्याचे मॅगझीन काढले तरी एक काडतूस नळीच्या मागच्या टोकाशी राहू शकते. रिकामे समजून हाताळल्याने किती घरांत अनर्थ झाले आहेत! रिव्हॉल्व्हर मधोमध जाड, कमरेला फुगवटा येतो. पण उघडले की सहाही घरे डोळ्यांना दिसतात, भरलेले की रिकामे याची शंका राहत नाही. आणि घोडा आधी मागे न ओढता गोळी झाडायची तर चाप लांबवर आणि जोर लावून ओढावा लागतो. नवख्या हाताला तोच एक लगाम.”

सोने पारखणाऱ्या माणसाला ही भाषा समजली. प्रत्येक गुणाला त्याच्याच वजनाचा दोष लागलेला होता. आण्णांचा कल पाचशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरकडे झुकला. ते बाळगण्यासाठी चामड्याचे म्यान दुकानदाराने पुढे केले. आण्णांनी हात मागे घेतला. चामडे त्यांनी जन्मात अंगाला लावले नव्हते. तेव्हा कॅनव्हासचे म्यान निघाले. त्या म्यानाकडे पाहताना त्यांच्या मनात एक विचित्र विचार येऊन गेला. मेलेल्या जनावराचे कातडे नको म्हणणारा हा हात, जिवंत माणसावर चालणारे यंत्र मात्र निवडत होता.

दुकानदाराने ते ओळखले असावे. तो म्हणाला, “शेठजी, घाई करू नका. एवढ्याच वजनाची वस्तू आठ दिवस कमरेला बांधून हिंडा. जमले तर या. शस्त्र कुठे पळून जात नाही.”

घरी आल्यावर आण्णांनी जुन्या तराजूची पेटी उघडली. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून ती बंदच होती. तिच्यातील पाचशे ग्रॅमचे पितळी वजन त्यांनी कॅनव्हासच्या पट्ट्यात बांधले आणि सदऱ्याखाली कमरेला अडकवले. घरात कोणास काही सांगितले नाही.

पहिल्याच दिवशी लेंग्याच्या नाडीने हार मानली. कमरेला ताठ पट्टा आणि पट्ट्यासाठी पँट, एवढा बदल चाळीस वर्षांनी करावा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मंदिराच्या पायरीशी ते थबकले. हे वजन खरे शस्त्र असते, तर अभिषेकाच्या वेळी कोठे ठेवले असते? गाभाऱ्यात ते नेणे शक्य नव्हते. चपलांच्या फळीवर ठेवावे, तर कोणाच्याही हाती लागेल. स्कूटरच्या डिकीत ठेवावे, तर नियम सांगतो की शस्त्र पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवे. मग मंदिर सोडावे, की शस्त्र? त्या दिवशी ते बाहेरूनच नमस्कार करून परतले.

तिसऱ्या दिवशी सहा वर्षांचा नातू शाळेतून धावत आला आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या कमरेला मिठी मारली. त्याचा गाल पितळेवर आपटला. “आजोबा, हे काय आहे? दाखवा ना!” आण्णांनी काहीतरी सांगून वेळ मारून नेली, पण नातवाची नजर दिवसभर त्यांच्या कमरेवर होती. रात्री ते कपाटासमोर उभे राहिले. शस्त्र कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात आणि दोन्ही किल्ल्या वेगळ्या जागी, ही प्रशिक्षकांची शिकवण होती. आण्णांनी मनातल्या मनात दोन्ही कुलपे उघडून पाहिली. एवढा वेळ दारात आलेला दरोडेखोर देणार नव्हता. जे शस्त्र मुलापासून सुरक्षित, ते संकटात हाताशी नाही. जे हाताशी, ते मुलापासून सुरक्षित नाही. त्या कोड्याला तिसरा मार्ग सापडेना.

पाचव्या दिवशी जे घडले, ते त्यांनी पुढे कित्येक दिवस कोणाला सांगितले नाही. एक गिऱ्हाईक मोडीच्या वजनावरून वाद घालत होते. असे वाद पेठेत रोजचे. आण्णा अशा वेळी पाण्याचा तांब्या पुढे करीत आणि पुन्हा वजन करून दाखवीत. त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज चढला. समोरचाही उठून उभा राहिला. आणि आण्णांच्या लक्षात आले, की आपला उजवा हात सदऱ्याखाली गेला आहे. तेथे केवळ पितळेचे वजन होते, तरीही त्या स्पर्शाने त्यांना बळ आले होते. ते मटकन गादीवर बसले. गिऱ्हाइकाची त्यांनी क्षमा मागितली. ते बिचारे गोंधळून गेले, कारण क्षमा कशाची, हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता.

त्या संध्याकाळी आण्णा गावातील वृद्ध पंडितजींकडे गेले आणि त्यांनी सरळच विचारले, “श्रावकाने शस्त्र बाळगावे की नाही?”

पंडितजींनी त्यांना धिक्कारले नाही. ते म्हणाले, “आण्णा, हिंसेचे चार प्रकार तुम्ही लहानपणी पाठ केलेत. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाचा त्याग मुख्यतः संकल्पी हिंसेचा. आक्रमण झाले असता प्रतिकारात घडणारी विरोधी हिंसा त्याला सर्वस्वी सुटत नाही. श्रवणबेळगोळला गोमटेश्वर उभा करणारा चामुंडराय गंगांचा सेनापतीच होता. तेव्हा ‘शस्त्र म्हणजे पाप’ एवढ्यावर मी थांबणार नाही. पण दोन गोष्टी विचारतो. तुम्ही रक्षण जिवाचे करणार, की परिग्रहाचे? आणि प्रमाद घडणार नाही, याची खात्री आहे का? प्रमाद आला, की प्रतिकाराचा संकल्प व्हायला वेळ लागत नाही.”

आण्णांना सदऱ्याखाली गेलेला आपला हात आठवला. ते काही बोलले नाहीत.

कायद्याची बाजू त्यांनी एका परिचित वकिलांकडून समजून घेतली. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, मालमत्तेच्या रक्षणाचाही आहे, आणि जबरी चोरीच्या प्रसंगी तो बराच दूरवर जातो. मात्र संरक्षणासाठी आवश्यक तेवढीच इजा, त्याहून अधिक नाही. आणि पळून जाणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणाऱ्याला न्यायालयात फार अवघड प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.

सातव्या रात्री आण्णांनी पट्टा सोडून पितळी वजन मुलापुढे ठेवले आणि सारी हकीकत सांगितली. मुलगा बराच वेळ ते वजन हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, “आण्णा, त्या संध्याकाळी तुमच्याजवळ रिव्हॉल्व्हर असते, तर तुम्ही चालवले असते?”

“तुझ्यासाठी चालवले असते.”

“मी पिशवी सोडत नव्हतो, तो ओढत होता. आम्ही दोघे एकमेकांत गुंतलो होतो. अंधार होता. तुम्ही दहा पावलांवर होता.” क्षणभर थांबून तो म्हणाला, “गोळी कोणाला लागली असती?”

सहातील चार गोळ्या मातीच्या बांधात गेल्या होत्या, हे आण्णांना त्या क्षणी आठवले. प्रशिक्षकांचे वाक्य आता कोठे त्यांच्या मनापर्यंत पोहोचले.

“चूक माझी होती,” मुलगा पुढे म्हणाला. “पिशवी सोडायला हवी होती. त्याहून मोठी चूक आपल्या दोघांची. रोज एकाच वेळी, एकाच वाटेने, सोने हातात घेऊन आपण निघत होतो.”

आठव्या दिवशी आण्णा पुण्याला गेले नाहीत. शस्त्रासाठी बाजूला काढलेल्या रकमेत थोडी भर घालून त्यांनी दुकानात पक्क्या बांधणीची, जमिनीत बसवलेली तिजोरी करून घेतली. दागिने घरी नेण्याची वडिलोपार्जित पद्धत बंद झाली. बँकांत असते तशी व्यवस्था केली. दोन किल्ल्या, दोन माणसे, एकट्याने तिजोरी उघडणे नाही. कॅमेरे बसले. मालाची ने-आण ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी करणे सोडले. विम्याची कागदपत्रे काढून वाहतुकीतील जोखीम कोणत्या अटींवर झाकली जाते, ते ओळ न् ओळ वाचले. प्रत्येक दागिन्याचा सहा अक्षरांकी हॉलमार्क क्रमांक रोजच्या रोज वहीत चढू लागला. आणि नोकरांसह सर्वांना एक सूचना दिली गेली. कोणी पिशवी ओढली, तर सोडून द्यायची.

याचा अर्थ शस्त्र बाळगणारा प्रत्येक जण चुकतो, असा आण्णा कधीच काढत नाहीत. गावाबाहेर, एकाकी वस्तीवर राहणाऱ्याची गरज वेगळी असेल. ज्याचा हात स्थिर, मन त्याहून स्थिर आणि घर लहान मुलांपासून निर्धास्त, त्याचा हिशेब वेगळा निघेल. आपला हिशेब आपल्याच तराजूत करावा, एवढेच ते विचारणाऱ्याला सांगतात, आणि कोणी फारच आग्रह केला तर पेटीतील ते वजन काढून त्याच्या हाती देतात. म्हणतात, “आठ दिवस कमरेला बांधा, मग बोलू.”

भय पूर्णपणे गेलेले नाही. आजही संध्याकाळी दुकानाचे शटर ओढताना मागून मोटारसायकलचा आवाज आला, की आण्णा थांबतात आणि ती पुढे जाईपर्यंत पायरीवर उभे राहतात. मग बापलेक रिकाम्या हातांनी घरी निघतात. वाटेत नातू भेटला, तर तो धावत येऊन आजोबांच्या कमरेला मिठी मारतो.