सापत्नमातेचे नाव

वंशावळीत स्त्रियांची नावे सहसा आढळत नाहीत. महालयाच्या संकल्पात मात्र ती उच्चारावीच लागतात. मातृत्रयीमागून भटजी विचारतात ती सापत्नमाता. आमच्या अंत्रुज महालातील घरी या प्रश्नाला वर्षानुवर्षे ‘नाही’ हेच उत्तर मिळत आले होते.

यंदाचा महालय मुळातच अवघडलेला. घराच्या वाटण्या निघाल्या होत्या. १८६७ सालची पोर्तुगीज दिवाणी संहिता गोव्यात लागू झाली तेव्हापासून येथे मुलीचा वाटा मुलाइतकाच. त्यामुळे माहेरवाशिणींच्या सह्यांवाचून कागद पुढे सरकत नाही. आदल्या रात्री सोन्याची यादी पुतळ्यांच्या माळेपाशी येऊन अडली. आमच्यांतील सुना ती घालून या घरात आल्या, मुली ती घालून येथून गेल्या. ‘आजीची माळ’ म्हणून प्रत्येकीचा तिच्यावर जीव. सकाळी वडे तळताना कोणी कोणाशी सरळ बोलत नव्हते.

ओसरीवर अण्णांनी सवयीने ‘नाही’ म्हटले. तोच स्वयंपाकघराच्या दारातून आत्याबाई म्हणाल्या, “आसा. म्हजी आवय.”

अण्णा ऐंशी उलटलेले, आत्याबाई नव्वदीच्या. ही आपली सख्खी थोरली बहीण, हीच अण्णांची आजवरची समजूत. हातातले दर्भ हातातच राहिले.

आजोबांच्या पहिल्या पत्नीला एक मुलगीच झाली. गोव्यातील हिंदूंच्या रीतिरिवाजांसाठी १८८० साली केलेल्या कायद्याने, पत्नी ३० वर्षांची होईपर्यंत पुत्र न झाल्यास, पतीला दुसऱ्या विवाहाची वाट ठेवली होती. आजोबांनी ती धरली. पहिली माहेरी गेली. मुलगी आणि माळ येथेच राहिली.

आजीने ती माळ स्वतः कधी गळ्यात घातली नाही, हे थोरल्या वहिनींना ठाऊक होते. कारण ठाऊक नव्हते. जत्रेत दीपस्तंभापाशी एक बाई लहानग्या आत्याबाईंच्या ओच्यात खाजें घालीत असे, हे मधल्या ताईने आईकडून ऐकलेले. ती बाई कोण, हे आईने सांगितले नव्हते. प्रत्येकीपाशी असा एकेक तुकडा होता. पुरुषांपाशी एकही नसावा, याचे आम्हांस फारसे नवल वाटले नाही.

आजीला दोष द्यावा असेही वाटत नाही. आत्याबाईंना तिने सवतीचे पोर म्हणून कधी वागवले नाही, आणि तसे कोणी वागवू नये म्हणूनच कदाचित तिने ते नाव घरातून पुसले असेल. पण पुसले गेले ते नाव एका बाईचे होते, आणि तिला आजवर पिंड मिळाला नव्हता.

भटजींनी नाव विचारले. लग्नात ठेवलेले नाव आत्याबाईंना कोणी सांगितलेच नव्हते. माहेरचे तेवढे ठाऊक. “चालेल,” भटजी म्हणाले, “गोत्र तर हेंच.” अण्णांनी आत्याबाईंकडे एकदा पाहिले, आणि आवंढा गिळून ते नाव उच्चारले.

जेवणांना तीन वाजून गेले. यादीतील माळेपुढची जागा कोरीच राहिली आहे. ती कोणाची, असे आम्ही आत्याबाईंनाच विचारले. त्यांनी माळ मागितली नाही. हातात घेऊन एकेक पुतळी मोजली. आईच्या मांडीवर बसून मोजलेल्या तितक्याच भरल्या, म्हणाल्या, आणि पान वाढायला सांगून उठल्या.