पाच वॉटांचा देशमुख

दिसायला बुटांच्या खोक्याएवढा, पण उचलायला जाल तर कंबर धराल. वजन पंधरा किलोंच्या आसपास, आणि त्यातलं बहुतेक पाठीवरच्या ट्रान्सफॉर्मरांचं. हा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. यवतमाळात राहून याच्याशी सोयरीक करायचं मनात असेल, तर स्वभाव आधी कळलेला बरा.

बटण दाबल्या दाबल्या ‘ओ’ देणं त्याला कमीपणाचं वाटतं. आधी काचेच्या नळ्यांतली तार लाल होणार, मग अर्ध्याएक मिनिटानं आवाज फुटणार, आणि गळा मोकळा व्हायला आणखी वीस मिनिटं. थाट सगळा देशमुखी. गाणं वाजो न वाजो, खाणं तेवढंच. ‘सिंगल एंडेड क्लास ए’ जातीचा असला तर भिंतीतून सत्तरेक वॉट ओढतो आणि दोन्ही स्पीकरांच्या ताटात मिळून दहाच्या आत वाढतो. बाकीच्या विजेवर खोली तापते.

घराणं मात्र साधं. १९५०च्या दशकात फिलिप्सनं ईएल ८४ नावाचा व्हॉल्व्ह काढला, अंगठ्याएवढा. टेबलावरच्या कितीतरी रेडिओंत स्पीकरपर्यंत आवाज पोचवायचं शेवटचं काम त्याच्याकडे असे. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्सही तो करत असे. रेडिओ सिलोनवर गीतमाला ऐकणाऱ्या तुमच्या आजोबांच्या सेटमध्येही याचाच कुणी भाऊबंद तापत बसला असेल. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि हे भाऊबंद किलोच्या भावानं भंगारात गेले. आता नवे व्हॉल्व्ह रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. म्हणूनच की काय, याची मान जरा ताठच आहे.

पाच वॉट ऐकून पाहुणे नाक मुरडतात. लग्नाच्या मांडवात भोंगा लावणारेसुद्धा शंभराच्या खाली बोलत नाहीत. पण याची पत्रिका वॉटांवर पाहूच नये, स्पीकरच्या सेन्सिटिव्हिटीवर पाहावी. एका वॉटात एका मीटरवर नव्वद डेसिबल देणारा स्पीकर पाच वॉटांत सत्त्याण्णवपर्यंत जातो. दहा बाय बाराच्या खोलीत एवढ्यानं शेजारी दार वाजवतात. वॉट दुप्पट केले तरी वाढतात तीनच डेसिबल. उलट चौऱ्याऐंशीचा आळशी स्पीकर गळ्यात बांधलात, तर गायक तारसप्तकात शिरला की याला धाप लागते. तेव्हा स्पीकर आधी ठरवा, याला मागून आणा. आणि स्पीकर न जोडता याला कधी चालू करू नका. राग थेट आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर निघतो.

आता दुर्गुण. हा खोटं बोलतो. गायकानं सा लावला की हा हळूच वरचा सा त्यात मिसळून देतो. चूक ती चूकच, पण सुरातली. मीटर लावून बसणाऱ्यांना ती लगेच दिसते. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, तंबोरा आज काय लागलाय! किशोरी आमोणकरांचा विलंबित ख्याल ऐकताना ही लबाडी गोड लागते. हलगी-ढोलकीचा कडकडाट सुरू झाला की याची धांदल उडते, खालचा ठोका सैल पडतो. ज्याच्या घरी रोज लावणी वाजते त्यानं ट्रान्झिस्टरचाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंगाला हात लावलेला खपत नाही. तीनशे व्होल्ट कॅपॅसिटरमध्ये दडवून बसतो, बटण बंद केल्यावरही. आमच्याकडचे मेकॅनिक सांगतात, “याले हात नोका लावू जी, झोपेतही झटका मारते हा.”

यवतमाळचा मे महिना आणि हा एका खोलीत नांदत नाहीत. बाहेर पंचेचाळीस अंश, आत याची शेगडी. कूलर लावावा तर त्याची मोटर बंद-चालू होताना स्पीकरमध्ये टक्कन आवाज येतो आणि याच्या कपाळाला आठी. म्हणून याचा हंगाम कोजागिरी ते होळी. उन्हाळ्यात चालवायचाच हट्ट असेल तर आधी अर्थिंग बघा. मीठ-कोळशाचा खड्डा वाळला की हा पन्नास सायकलच्या सुरात घूं-घूं करत राहतो, आणि उपाय एकच, खड्ड्यात बादलीभर पाणी. निळोणा-चापडोहची धरणं आटली असताना, नळ कधी येईल याचा नेम नसताना, धुण्याच्या पाण्यातली बादली अ‍ॅम्प्लिफायरला न्यायची! त्या दिवशी घरात जे ऐकू येतं त्याला अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही.

व्होल्टेजच्या बाबतीतही नाजूक. रात्री शहर झोपलं की सॉकेटात अडीचशे दिसू शकतात, आणि व्हॉल्व्हचं आयुष्य तिथं झिजतं. आत २४० व्होल्टांचा टॅप असलेला घ्यावा. जपानहून आलेला जुना, देखणा नग शंभर व्होल्टांचा असतो. तो सरळ आपल्या प्लगात खोवला की बारा वाजले.

याच्यासोबत एक दिवाणजी असतात, त्यांची ओळख राहिली. पॅसिव्ह प्रीअ‍ॅम्प. लहानशी डबी, पुढे एक बटण, मागे चार सॉकेट, आत एक व्हॉल्यूमचा पॉट. विजेची वायरच नाही. बेरीज त्यांना येत नाही, फक्त वजाबाकी. तेवढी पुरते, कारण सीडी प्लेअर दोन व्होल्ट देतो आणि धन्याचं पोट बहुधा एका व्होल्टात भरतं. मधे आणखी एक वाढवणारा आणून बसवायचा आणि मग बटण आठ वाजताच्या पुढे न्यायला घाबरायचं, यात शहाणपण ते काय?

पण दिवाणजी दिसतात तितके गरीब नाहीत. लांब वायर दिली की आवाजातली वरची चमक परस्पर गायब करतात. वायर मीटरभराच्या आत ठेवावी. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईतून येणारे चार-पाच मिलिव्होल्ट समोर धरले, तर मान वर करून बघतही नाहीत. तिथं फोनो स्टेज वेगळा घ्यावा लागतो. पॉट स्वस्तातला असला तर वर्षा-दोन वर्षांत खरखर सुरू, आणि आवाज कमी करताना एक स्पीकर आधी झोपतो. पैसे घालायचेच तर या पॉटात घाला, डबीच्या नक्षीदार झाकणात नको.

धन्याची खरी कसोटी हंगामाच्या तोंडावर, नवरात्रात. यवतमाळचा दुर्गोत्सव, चौकाचौकात मंडळ, आणि मिरवणुकीत डीजेच्या भिंती. खिडकीची तावदानं ताल धरतात, आणि तो ताल व्हॉल्व्हच्या आतल्या बारीक जाळीपर्यंत पोचून स्पीकरमधून किणकिणत बाहेर येतो. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या तानेत रस्त्यावरचा ठेका! अशा वेळी याला सरळ झोपवावं. दिवाणजी मात्र त्या नऊ दिवसांतही कामावर हजर. त्यांना बंद करायला बटणच नाही.