अडीच तासांचा कापूस

दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडांनी आईच्या मोबाइलवर 'हे डे' हा शेतीचा खेळ सुरू केला. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीने तो २०१२ मध्ये आणला. सुरुवात गव्हापासून. दोन मिनिटांत पीक तयार, आणि एकाचे दोन! आम्ही हावरटपणे सगळा गहू विकून टाकला. पेरायला दाणा उरला नाही. आता हिरे मोजा, असे खेळ म्हणू लागला.

वाती वळता वळता आजी म्हणाली, "बियाणंच विकलं का रे?"

तेव्हापासून निम्मा गहू राखून ठेवू लागलो. कोठारात फक्त ५० नग मावतात. ते वाढवायला खिळे, स्क्रू, फळ्या लागतात. त्या कापणी करता करता कधीतरी सापडतात. धीर नसेल तर पुन्हा हिरे, आणि ते संपले की खरे पैसे. आईचा पासवर्ड आम्हांला ठाऊक होता. (खोटे कशाला बोलावे, एकदा बोट बटणापर्यंत गेले होते.)

अठराव्या पातळीवर कापूस मिळतो. तिथे पोहोचेपर्यंत दिवाळी आली. अडीच तासांत पांढरे शेत! त्याच रात्री बाबा आदिलाबादच्या बाजारात गाडीसोबत मुक्कामाला होते. जूनमध्ये पेरलेला आमचा कापूस, आणि ओलावा आठ टक्क्यांच्या वर भरला की हमीभावातून कपात होते. फोनवर ते एवढेच म्हणाले, "बारा भरला."

आम्ही त्या रात्री हिरे घेतले नाहीत.

सकाळी बाबा आले, चहा घेता घेता मोबाइलात डोकावले. "छान आहे कापूस. ओलावा किती?"