दर्यापूरचा पाहुणा वेळासच्या किनाऱ्यावर

मुलांनो, आमच्या दर्यापूरच्या नावात दर्या आहे, पण समुद्र मात्र शेकडो कोस लांब! म्हणून मागच्या मार्चात माझ्या भाच्याला घेऊन अकोल्याहून रात्रीची गाडी धरली. पुढे एस.टी. बदलत बदलत रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास गाठलं. नाना फडणविसांचं हे मूळ गाव.

समुद्र दिसताच गडी धावत सुटला. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि म्हणाला, "मामा, हे तं आपल्या विहिरीहूनही खारं हाये!" आम्ही पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातली माणसं. पाणी दिसलं की आधी चव बघणार!

वाळूवर मर्यादवेल पसरली होती. जांभळी फुलं, आणि मुळं अशी चिवट की वाऱ्याने उडणारी वाळू धरून ठेवतात. ओल्या वाळूत इवल्या खेकड्यांनी गोळ्यांची रांगोळी घातली होती. वाळूतलं खाणं टिपून उरलेल्या वाळूच्या ते गोळ्या करतात.

पण आम्ही आलो होतो कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, खड्ड्यात शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पूर्वी ती अंडी माणसं आणि कोल्ही-कुत्री पळवीत. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने अंडी कुंपणात जपायला सुरुवात केली. पन्नासेक दिवसांत पिल्लं निघतात. गंमत म्हणजे वाळू जास्त उबदार असली तर माद्या जास्त, थंड असली तर नर जास्त!

पहिल्या संध्याकाळी घरट्यावरची टोपली उचलली. काही नाही. दुसऱ्या दिवशीही दोन्ही वेळा नुसती वाळू. भाच्याने जेवताना मोदकालासुद्धा हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आमची परतीची एस.टी. होती.

त्या सकाळी टोपलीखाली बारा पिल्लं वळवळत होती!

पाण्यापासून थोडी दूरच सोडली त्यांना. चालत जाताना हा किनारा त्यांच्या मनात ठसतो, असं मानतात. अकरा गेली. बारावं लाटेने तीनदा मागे फेकलं. भाच्याचा हात पुढे झाला.

"हात नको लावूस रे," रखवालदार काका म्हणाले.

पोट्ट्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. चौथी लाट आली. पिल्लू दिसेना.

"मामा, ते अंडी घालाले कधी येईन?"

"मादी असली तर दहा-पंधरा वर्षांनी."

"तवा मी केवढा असीन?"

"दाढी करत असशील!"


एस.टी.त बसेपर्यंत तो हनुवटी चाचपत होता.