विद्यापीठाच्या आवारातील पहिला तास

विद्यापीठाच्या आवाराचे संरक्षण हा प्रश्न विमानतळाच्या किंवा लष्करी तळाच्या संरक्षणाहून मुळातच वेगळा आहे, कारण ग्रंथालयाचे वाचक, परगावचे परीक्षक, पालक, माजी विद्यार्थी आणि व्याख्यानाला आलेले अनोळखी श्रोते यांची ये-जा चालू राहणे हेच विद्यापीठ जिवंत असल्याचे लक्षण असते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत २८ डिसेंबर २००५ च्या संध्याकाळी झालेल्या हल्ल्याने हा मोकळेपणाच लक्ष्य केला. संक्रियात्मक संशोधन, म्हणजे मर्यादित साधनांचे गणिताच्या आधारे नियोजन करणारे शास्त्र, या विषयावरील परिषदेचे प्रतिनिधी जे. एन. टाटा सभागृहातून बाहेर पडत असताना त्यांच्यावर गोळीबार झाला आणि दिल्ली आयआयटीतील गणिताचे निवृत्त प्राध्यापक एम. सी. पुरी त्यात मृत्युमुखी पडले.

अशा घटनांनंतर भिंती उंच होतात, कॅमेरे बसतात आणि ओळखपत्रे गळ्यात येतात. त्यांचा उपयोग नाही असे नाही. परंतु केनियातील गारिसा विद्यापीठ महाविद्यालयावर २ एप्रिल २०१५ रोजी अल-शबाबच्या चार बंदूकधाऱ्यांनी केलेला हल्ला अधिक कठोर प्रश्न विचारतो. पहाटे फाटकावरच्या रक्षकांना गोळ्या घालून हल्लेखोर वसतिगृहांत शिरले, नैरोबीचे विशेष पोलीस पथक दुपारी पोहोचले, कारवाई संध्याकाळी संपली आणि १४८ माणसे मारली गेली, त्यांपैकी १४२ विद्यार्थी होते. मुंबईतही २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सुरू झालेल्या हल्ल्यात राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो दुसऱ्या दिवशी सकाळी शहरात उतरले. पथक कितीही निष्णात असले तरी मधले तास आत असलेल्या माणसांनाच काढावे लागतात. त्याच रात्री कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गर्भवतींना कक्षाच्या टोकाच्या लहान खोलीत हलवले, दारे लावली आणि दिवे मालवले. हातात शस्त्र नसलेल्या व्यक्तीला पहिल्या तासात काय करता येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

प्रस्तुत लेखिकेने पुण्यातील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून काम केले असून, तेथील सुरक्षा समितीने ठरवलेल्या मॉक ड्रिलची, म्हणजे संकट आल्याचे मानून करावयाच्या सरावाची, तयारी तिच्याकडे आली होती. हा सराव आधी जाहीर करावा की अचानक घ्यावा, यावर समितीत बराच वाद झाला. अचानक घेतल्याशिवाय खरी परीक्षा होत नाही, असे म्हणणाऱ्यांना नैरोबीच्या स्ट्रॅथमोर विद्यापीठाचे उदाहरण सांगावे लागले: गारिसानंतर काही महिन्यांनी, ३० नोव्हेंबर २०१५ रोजी, तेथे घेतलेला सराव खरा हल्ला समजून विद्यार्थ्यांनी वरच्या मजल्यांवरून उड्या टाकल्या, अनेक जण जखमी झाले आणि एका महिला कर्मचाऱ्याचा जीव गेला. ज्या मुलींना वाचवायचे त्यांनाच घाबरवून काही शिकवता येते, हे गृहीतकच चुकीचे आहे. अखेर सराव आदल्या आठवड्यात सूचना फलकावर जाहीर झाला आणि दम्याचा किंवा धास्तीचा त्रास असलेल्या मुलींना त्यातून मोकळे ठेवण्यात आले.

सरावात जे उघड झाले ते कोणत्याही नकाशावर दिसले नसते. आगीसाठी आणि घुसखोरीसाठी घंटा एकच होती. वास्तविक आग लागली तर जिन्याने उतरून मैदानात जमायचे असते, आणि सशस्त्र माणूस आत शिरला व सुरक्षितपणे बाहेर पडण्याची वाट नसली तर खोलीची कडी लावून, पलंग दाराशी ओढून, मोबाइलचा आवाज बंद करून दारापासून दूर बसायचे असते. एकाच आवाजाला हे दोन परस्परविरोधी अर्थ असल्याने निम्म्या मुली जिन्यात आणि निम्म्या खोल्यांत, अशी स्थिती झाली. अभ्यासिकेच्या दाराला कडी फक्त बाहेरून होती. गच्चीच्या कुलपाची किल्ली कार्यालयात होती आणि कार्यालय संध्याकाळी बंद होत असे.

सर्वांत गंभीर गोष्ट मात्र फाटकावरची होती. तेथील रक्षक कंत्राटदाराकडचा, बारा तासांच्या पाळीचा आणि वसतिगृहात नवखा होता. त्याला मागचे दार कोणत्या गल्लीत उघडते ते माहीत नव्हते आणि रात्री रेक्टरला कळवायचे तर स्वतःच्या मोबाइलमधला रिचार्ज खर्च करावा लागे. संकटात पहिला सामना ज्याचा होणार, त्यालाच व्यवस्थेने सर्वांत कमी माहिती, कमी पगार आणि कमी मान द्यावा, ही विसंगती पैशांच्या अभावाने समर्थनीय ठरत नाही. चर्चेत त्या रक्षकाला बोलावले तेव्हा त्याने केलेली सूचना समितीतील कोणालाही सुचली नव्हती: रात्री उशिरा येणाऱ्या डब्यांच्या आणि पार्सलच्या मुलांसाठी फाटकाबाहेरच एक टेबल ठेवावे, म्हणजे दर वेळी लहान दार उघडावे लागणार नाही.

टेबल लगेच आले, पाठोपाठ कड्या आतून बसल्या, आणि घुसखोरीसाठी घंटेऐवजी ध्वनिक्षेपकावरून साध्या मराठीत, हिंदीत व इंग्रजीत सूचना देण्याचे ठरले. सांकेतिक शब्द मुद्दाम टाळले, कारण नव्याने आलेल्या मुलीला ते कळत नाहीत. खोल्यांची मांडणी, किल्ल्यांची जागा आणि मागच्या गल्लीची वाट दाखवणारा आराखडा पोलीस ठाण्यात देण्यात आला. रक्षक किमान वर्षभर तोच राहावा आणि त्याला प्रशिक्षणाच्या दिवसांचे वेतन मिळावे, हे कलम कंत्राटात घालण्याचा प्रस्ताव मात्र खर्चाच्या मुद्द्यावर दोनदा परत आला; तो लेखिकेने तिसऱ्यांदा, रक्षकांच्या सह्यांसह, सादर केला आहे.